पोषणाचे प्रशिक्षण पाड्यावर घ्यावे : खान्देशातील आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य उपसंचालक, नाशिक परिमंडळ,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, धुळे, नंदुरबार व जळगाव,
मा. उपमुख्य कार्यकारी अधिकारी (बालकल्याण), जिल्हा परिषद धुळे, नंदुरबार व जळगाव

सन्माननीय महोदय व महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यात ३१ वर्षे नोकरी केली. त्यातली पहिली १९ वर्षे उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून गेली आणि पुढची १२ वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका म्हणून. शहादा, तळोदा आणि धडगाव या तिन्ही तालुक्यांत माझ्या बदल्या झाल्या. शेवटच्या काही वर्षांत आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या प्रशिक्षणात पोषणाचे तास घेण्याचे काम माझ्याकडे होते. आता मी निवृत्त आहे, त्यामुळे या पत्रामागे बदली, बढती किंवा कोणाविरुद्धची तक्रार असे काहीही नाही. नोकरीत असताना जे बैठकीत बोलायचे राहून गेले, ते आपल्यापुढे मांडावे आणि त्यावर आपण खरोखर विचार करावा, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, कुपोषणाच्या कामाचे प्रशिक्षण आपण आजवर सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या बाईला देत आलो. ते आधी अधिकाऱ्यांना मिळायला हवे. वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी आणि मुख्यसेविका यांचे हे प्रशिक्षण सभागृहात न होता पाड्यावर, मुक्कामाने व्हायला हवे, आणि त्यात गावातल्या लोकांनी शिकवायला हवे.

आकडे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत, तरी दोन-तीन इथे लिहिते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ३६.१ टक्के निघाला. उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेले आणि तीव्र कृश, म्हणजे उंचीच्या मानाने फारच कमी वजनाच्या, मुलांचे ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले राज्यात शंभरात जेमतेम नऊ आहेत. हे सगळ्या राज्याचे चित्र आहे. सातपुड्याच्या कुशीतल्या धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांतल्या पाड्यांवर काय असेल, याची कल्पना आपण करू शकता. या काळात प्रशिक्षणे झालीच नाहीत, असे नाही. २०१८ च्या मार्चमध्ये पोषण अभियान सुरू झाले आणि त्यानंतर तर महिन्याला एक याप्रमाणे प्रशिक्षणाचे विषय येत राहिले. तरीही आकडा जागचा हलला नाही, तेव्हा दोष शिकणाऱ्या बायकांच्या माथी मारण्याआधी आपण कोणाला, कुठे आणि काय शिकवतो, हे तपासले पाहिजे.

आपल्याकडे प्रशिक्षण वरून खाली झिरपते. राज्यस्तरावर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला शिकवतो आणि तालुका आशाताईला. वर तीन दिवसांचा असलेला विषय खाली येईपर्यंत अर्ध्या दिवसाचा होतो, आणि त्यातही नाश्ता, हजेरीपत्रक, भत्त्याच्या सह्या आणि फोटो यांत वेळ जातो. पाणी घालून वाढवलेल्या वरणासारखी त्याची गत होते. ज्यांच्या हातात निर्णय आहेत ते अधिकारी उद्घाटनाला येतात, दहा मिनिटे बोलतात आणि दुसऱ्या बैठकीला निघून जातात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण त्यांच्या डोक्यावर लसीकरण, क्षयरोग, हिवताप, शस्त्रक्रिया शिबिरे आणि डझनभर अहवाल असतात. तरीसुद्धा परिणाम असा होतो की, शिकलेली आशाताई आणि न शिकलेला अधिकारी महिन्याच्या बैठकीत समोरासमोर येतात, आणि तिच्या कामाचे मोल ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे असतो.

एका प्रशिक्षणातली गोष्ट सांगते. पडद्यावर बाळाच्या वरच्या आहाराचे चित्र होते. त्यात सफरचंद होते, पनीर होते, काचेच्या ग्लासात दूध होते. समोर बसलेल्या ताई ज्या पाड्यांवरून आल्या होत्या तिथे यांतले काहीच मिळत नाही. तिथे ज्वारी आहे, मका आहे, भादी आणि मोर ही डोंगरउतारावरची बारीक धान्ये आहेत, तूर-उडीद आहे, अंबाडी आणि तांदुळजा आहे, शेवगा आहे, पावसाळ्यात ओढ्याचे मासे आणि खेकडे आहेत. एक पावरी बोलणारी आशाताई उठली आणि तिने विचारले, "मॅडम, 'पूरक आहार' हे आमच्या बोलीत बायकांना कसे सांगायचे?" व्यासपीठावर चार जण होतो, मीही त्यांत होते. आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. तिचा प्रश्न टिपणवहीत उतरला नाही, अहवालातही आला नाही, आणि आम्ही पुढच्या चित्राकडे वळलो. आज मला वाटते, त्या दिवशी वर्ग तिथेच थांबवून तिलाच व्यासपीठावर बोलवायला हवे होते.

पाड्यावर शिकायचे म्हणजे नेमके काय, हे दंडघेराच्या पट्टीवरून सांगते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम. ऐकायला सोपे वाटते. परंतु मोजायचा तो डावा दंड. आधी कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यायचे, त्याच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची, मग हात सैल खाली सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. ती त्वचेला लागली पाहिजे, मात्र रुतता कामा नये. एका ग्राम आरोग्य व पोषण दिनाला नुकतेच रुजू झालेले एक तरुण डॉक्टर माझ्यासोबत होते. आशाताईने एका मुलीचा दंडघेर ११.३ सांगितला. डॉक्टरांनी स्वतः पट्टी घेतली आणि म्हणाले, "११.८ आहे, ताईंचे चुकले." मी दोघांनाही पुन्हा मोजायची विनंती केली. डॉक्टरांनी पट्टी मध्यापेक्षा वर, जिथे दंड जाड असतो तिथे धरली होती, आणि झबल्याची बाहीही आत अडकली होती. खूण करून मोजल्यावर ११.३ च भरला. ते लगेच म्हणाले, "हे मला कोणी करून दाखवलेच नव्हते." प्रामाणिक माणूस होता. त्यानंतर जोवर ते त्या केंद्रावर होते तोवर, स्वतः मोजल्याशिवाय कोणत्याही ताईची यादी त्यांनी चुकीची ठरवली नाही. दोन्ही पावलांवर अंगठे दाबून सूज बघणे, भुकेची चाचणी घेणे, दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून आणि त्यावरच्या मुलाची उंची उभे करून मोजणे, हे सगळे याच प्रकारचे आहे. पुस्तकात पाच ओळींत मावते आणि हाताला यायला पाच-पन्नास मुले लागतात.

मोजमाप शिकवून झाले तरी एक गोष्ट उरते, आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. आकडा वाढला की अधिकारी रागावतात. मागच्या महिन्यात तालुक्यात तीव्र कुपोषित मुले इतकी होती, या महिन्यात दीडपट कशी झाली, असा प्रश्न आढाव्यात येतो आणि उत्तर देणारा उभा राहून घामाघूम होतो. मग पुढच्या महिन्यात आकडा आपोआप खाली येतो. हे मी स्वतः केले आहे. ज्या काळात वजनावरून मुलांच्या कुपोषणाच्या श्रेणी ठरवल्या जात, त्या काळातली गोष्ट. माझ्या यादीत तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीची ११ मुले होती, आदल्या महिन्यात ६ होती. आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी निरोप आला की, "वजने पुन्हा तपासून घ्या." त्याचा अर्थ आम्हा सर्वांना माहीत होता. मी कोणत्याही पाड्यावर न जाता टेबलावरच वजने तपासली आणि यादी सातवर आणली. त्या वगळलेल्या चार मुलांमध्ये दीड वर्षाची एक मुलगी होती. दोन महिन्यांनी तिला ग्रामीण रुग्णालयात आणले तेव्हा तिच्या पायांवर सूज होती आणि रडण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. ती वाचली. परंतु दोन महिने आधी ती गावातच, आईजवळ राहून सुधारू शकली असती आणि ते माझ्या सहीमुळे झाले नाही, ही गोष्ट मी आजही विसरलेली नाही. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा एक पूर्ण दिवस केवळ आकडा कसा वाचावा यासाठी ठेवावा. ज्या केंद्राने जास्त मुले शोधली त्याचे अभिनंदन करून, त्यातली किती सुधारली हे पुढे विचारावे. आणि ज्या केंद्राचा आकडा अचानक शून्यावर आला तिथे अधिकाऱ्याने स्वतः पट्टी घेऊन जावे.

आता लोकांबद्दल. समुदाय आधारित पोषण हा शब्द आपल्या परिपत्रकांत वारंवार येतो, परंतु व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला आहे की आपण सांगायचे आणि समुदायाने ऐकायचे. शहादा तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवर मी कित्येक वर्षे बाळाला दिवसातून चार-पाच वेळा भरवा, असे सांगत होते. बायका माना डोलवत. एकदा एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुम्ही सांगतस ते बठ्ठं खरं शे, पन दिवसभर घरमा ऱ्हास कोन?" खरेच होते. आई सकाळी सातला निंदणीला जात होती आणि दिवे लागायला परत येत होती. बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असायचे आणि तिच्या हातात सकाळची भाकरी. भरवणारे हात त्या चिमुरडीचे होते, आणि आमचे सारे समुपदेशन आईच्या नावावर लिहिलेले होते.

त्यानंतर त्या वस्तीवर आम्ही एक बैठक घेतली. आमचे त्या वेळचे वैद्यकीय अधिकारी दोन तास खाली चटईवर बसले आणि, हे विशेष सांगायचे, जवळजवळ काहीही बोलले नाहीत. बायकांनीच हिशेब मांडला. निंदणीच्या दिवसांत दोन म्हाताऱ्यांनी अंगणवाडीत लहान मुलांना सांभाळायचे, प्रत्येक घराने सकाळी मुलासोबत भाकरी आणि वरण पाठवायचे, अंगणवाडी ताईंनी तिथला आहार द्यायचा, आणि तेल-शेंगदाण्यांचा खर्च ग्रामपंचायतीकडून मागायचा. सरपंच तयार नव्हते. डॉक्टरांनी शब्द टाकल्यावर तयार झाले. आषाढ-श्रावणात त्या वस्तीवरच्या मुलांची वजने दरवर्षी घसरत, त्या वर्षी ती घसरली नाहीत. एका वस्तीच्या एका पावसाळ्यावरून मी सिद्धान्त मांडणार नाही. परंतु ही कल्पना आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती, ती त्या म्हातारीच्या प्रश्नातून निघाली, आणि अधिकारी गप्प बसून ऐकायला तयार होते म्हणून ती पुढे सरकली. असे ऐकून घेणे ज्याला जमते त्याला ते बहुधा उपजत जमते, असे आपण समजतो. माझा अनुभव असा की ते शिकवता येते, फक्त ते आपण कधी शिकवलेले नाही.

ज्या पाड्यावर निम्मी मुले कमी वजनाची आहेत तिथेही, तशाच कुडाच्या घरात, तेवढ्याच मजुरीवर, एखादे मूल चांगले बाळसे धरलेले असते. त्याच्या आईला शिकवण्यापेक्षा तिच्याकडून शिकायचे असते. १९९० नंतर व्हिएतनाममधल्या थान्ह होआ प्रांतात जेरी आणि मोनिक स्टर्निन या दाम्पत्याने हेच केले. तिथल्या गरीब घरांतली जी मुले सुदृढ होती, त्यांच्या आया भातखाचरातले बारीक झिंगे आणि खेकडे व रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या, आणि दिवसातून दोनदा भरवण्याऐवजी थोडे थोडे अनेकदा भरवत होत्या. इतरांना त्या वस्तू मोठ्यांच्या किंवा कमी प्रतीच्या वाटत. खेकडे आणि पाला आपल्या सातपुड्यातही आहेत. आपल्या अधिकाऱ्याने पाड्यावर अशा दोन आया शोधाव्यात, त्यांच्या चुलीपाशी सकाळपासून बसावे, त्या काय, केव्हा आणि किती घट्ट भरवतात ते बघावे, आणि मग शेजारणींना त्यांच्याच घरी बोलवावे. मला एका घरी असे दिसले की, ती बाई भाकरी वरणात कुस्करताना त्यात तिळाची चटणी आणि वरून गोडेतेल घालत होती. विचारल्यावर म्हणाली, सासूने शिकवले.

घट्टपणाचा मुद्दा मी मुद्दाम काढला. बाळाचे जठर वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर एवढेच असते; सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे-सव्वादोनशे मिलिलिटरच्या वर मावत नाही. पातळ पेजेने ते भरते आणि ताकद मात्र मिळत नाही. आईच्या दुधाखेरीज सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० आणि त्यापुढे दोन वर्षांपर्यंत ५५० उष्मांक अन्नातून मिळावे लागतात. चमचाभर तेल म्हणजे ४५ उष्मांक. नागलीला (नाचणीला) मोड आणून, वाळवून केलेले थोडे पीठ घट्ट पेजेत मिसळले तर ती पातळ होते, म्हणजे बाळाला गिळायला सोपी जाते आणि ताकद तेवढीच राहते. नवापूर-साक्रीच्या पश्चिम भागात नागली घरोघरी आहे. हे गणित वैद्यकीय अधिकाऱ्याला दहा मिनिटांत समजेल, पण चमच्यावरून सहज ओघळणार नाही अशी पेज त्याने स्वतःच्या हाताने चुलीवर करून बघितली तरच तो ते दुसऱ्याला सांगू शकेल. तीच गोष्ट रक्तक्षयाची. आपल्या भागात सिकलसेल आहे, सगळा रक्तक्षय लोहाच्या गोळीने जात नाही, आणि हे अधिकाऱ्याला माहीत असले तरी त्याच्या बोलण्यात ते क्वचितच येते.

प्रशिक्षण कोणत्या महिन्यात घ्यायचे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु माझ्या मते निम्मे अपयश तिथे आहे. आपली बहुतेक प्रशिक्षणे फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, कारण निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा असतो. त्या वेळी नंदुरबार, नवापूर, शहादा, साक्री इथली शेकडो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये असतात. दिवाळीनंतर गेलेली माणसे होळीला चार दिवस येतात, पुन्हा जातात आणि कित्येक घरे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासच भरतात. त्यांची मुले आपल्या नोंदवहीत स्थलांतरित या एका शब्दात संपतात. मग आषाढ लागतो, घरातले धान्य संपत आलेले असते, मजुरी असली तरी हातात रोख नसते, जुलाब आणि हिवताप सुरू होतात, नर्मदाकाठचे आणि डोंगरावरचे रस्ते तुटतात, आणि ज्या महिन्यांत मुले सर्वांत वेगाने खालावतात त्याच महिन्यांत आपला एकही वर्ग होत नाही. माझी सूचना अशी की, पहिले प्रशिक्षण आखाजीनंतर आणि मृगाच्या आधी घ्यावे, म्हणजे पावसाळ्याची तयारी गावासोबत करता येईल. आणि दुसरे दिवाळीपूर्वी घ्यावे, ज्यात स्थलांतराला निघालेल्या प्रत्येक घरातील लहान मुलांची नावे, मोजमापे आणि मुक्कामाचे ठिकाण लिहून घेऊन पलीकडच्या आरोग्य केंद्राला कळवण्याचे काम अधिकाऱ्यांनी स्वतः करावे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत मजुरीला येणाऱ्या पावरा कुटुंबांसाठीही हीच व्यवस्था लागेल. केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रकच्या बाजूला बसलेली वाळक्या दंडाची मुले मी तिथे पाहिली आहेत, आणि त्यांची नोंद ना या तालुक्यात होती ना त्या.

प्रशिक्षणाचा आराखडा मी माझ्या समजुतीप्रमाणे मांडते. सहा ते आठ अधिकाऱ्यांची एक तुकडी असावी आणि तीत आरोग्य विभाग व एकात्मिक बालविकास सेवा योजना या दोन्हींतील माणसे एकत्र असावीत, कारण आज आशाताईंची यादी आणि अंगणवाडीची यादी एकाच पाड्यावर वेगवेगळी निघते आणि वाद मिटवायला कोणी नसते. तळोदा, नंदुरबार, धुळे आणि यावल इथल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांतूनही एकेक जण यावा. पाच दिवसांपैकी चार दिवस आणि तीन रात्री पाड्यावर जाव्यात. पहिल्या दिवशी कोणी भाषण करू नये. पहाटेच्या चुलीपासून रात्री बाळ झोपेपर्यंत एका घरात बसून बघावे. पाड्यावरच्या बडव्याला, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्याला, भेटावे, कारण आजारी मुलाला घेऊन आई आधी त्याच्याकडे जाते, आणि ज्या ठिकाणी त्याचा मान ठेवला गेला तिथे त्यानेच मूल दवाखान्यात पाठवल्याचे मी पाहिले आहे. शिकवणाऱ्यांमध्ये दोन अनुभवी आशाताई आणि त्या पाड्यावरच्या दोन आया किंवा आज्या असाव्यात, आणि बाहेरच्या व्याख्यात्याला जे मानधन मिळते तेच त्यांना मिळावे. याबाबत तडजोड होऊ नये, असे मला मनापासून वाटते. शेवटच्या दिवशी गावाची बैठक अधिकाऱ्यांनी घ्यावी आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा निधी आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत ग्रामसभेच्या हाती असलेला पाच टक्के अबंध निधी यांतून मुलांसाठी काय करता येईल, हे लोकांकडून समजून घ्यावे. हे निधी आहेत एवढेच पुष्कळ वैद्यकीय अधिकाऱ्यांना ठाऊक नसते. शेवटी चाचणी परीक्षा नको. तीन महिन्यांनी त्याच तुकडीने त्याच पाड्यावर परत यावे आणि त्याच मुलांची मोजमापे घ्यावीत.

हे नवे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये खेड्यातल्या बायकांना, ज्यांतल्या पुष्कळजणी अक्षरशत्रू होत्या, गावाच्या आरोग्याची धुरा दिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या शिकवलेल्या बायकांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि बालमृत्यू कसे खाली येतात ते १९९९ मध्ये जगापुढे ठेवले. आज आशाताईंच्या घरभेटी त्याच वाटेने चालल्या आहेत. या दोन्ही ठिकाणी डॉक्टर स्वतः आधी गावात राहिले, हे आपण सांगायचे विसरतो आणि फक्त बायकांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका तेवढी उचलतो.

आपल्याकडून येणारा आक्षेप मला माहीत आहे. पदे रिकामी आहेत, बाह्यरुग्ण विभाग पाच दिवस बंद कसा ठेवायचा, बंधपत्रावर आलेला डॉक्टर वर्षभरात जाणार, मग त्याच्यावर खर्च का करायचा. पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत. म्हणून तुकड्या लहान ठेवाव्यात आणि शेजारच्या केंद्राने पाच दिवस भार घ्यावा. मात्र जो वर्षभरच राहणार आहे त्याला तर रुजू होताच पहिल्या महिन्यात पाड्यावर न्यायला हवे; नाहीतर त्याचे ते वर्ष खुर्चीवरच जाते. शिवाय तीव्र कुपोषित मुलांपैकी ज्यांना दुसरी गुंतागुंत नाही अशा बहुतांश मुलांवर गावातच उपचार होऊ शकतात, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००७ मध्येच संयुक्तपणे सांगितले आहे. गावातच अंगणवाडीत चालणारे ग्राम बालविकास केंद्र नीट चालले तर रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्राच्या खाटा खरोखर अत्यवस्थ मुलांना मिळतील, आणि घरी आणखी दोन लेकरे व कापणीला आलेले शेत सोडून आईला दोन आठवडे तालुक्याच्या गावी राहावे लागणार नाही. बुडीत मजुरी देऊनही आया मधूनच का निघून जातात, याचे उत्तर त्यांच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही.

प्रशिक्षणाने मजुरी वाढणार नाही, पाणी येणार नाही आणि अठराच्या आतली लग्ने एका वर्षात थांबणार नाहीत, याची मला जाणीव आहे. भुकेचे मूळ दारिद्र्यात आहे आणि ते आपल्या एकट्या विभागाच्या हातात नाही. जे आपल्या हातात आहे, तेवढ्याबद्दलच मी बोलत आहे.

येत्या आखाजीनंतर तिन्ही जिल्ह्यांतून मिळून एक तुकडी तरी अशा रीतीने पाड्यावर यावी, अशी माझी विनंती आहे. धडगाव तालुक्यातल्या ज्या पाड्यांवर मी काम केले, तिथल्या दोन आशाताईंशी आणि पोलीस पाटलांशी मी बोलले आहे. राहण्याची सोय शाळेच्या खोलीत होईल आणि जेवण घराघरांतून मिळेल, त्याचे पैसे मात्र त्या घरांना रोख द्यावेत. मी स्वतः कोणतेही मानधन न घेता पाचही दिवस सोबत राहीन. शेवटचे पाच किलोमीटर पायी चालावे लागेल, उन्हाचा तडाखा असेल, त्यामुळे पहाटे निघावे लागेल. वजनकाटा, उंची मोजण्याची फळी आणि दंडघेराच्या पट्ट्या केंद्रातून आणाव्यात. बाकी सामान जितके कमी तितके बरे. तारीख आपण कळवावी, म्हणजे त्या दिवसांत मजुरीला न जाता थांबता येईल का, हे तिथल्या आयांना आधीच विचारून ठेवता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका,
ता. शहादा, जि. नंदुरबार